सहलीतला पाऊण तास : मराठवाड्यातल्या मुख्याध्यापकांना आणि सहलप्रमुखांना खुले पत्र

प्रति,
मुख्याध्यापक व सहलप्रमुख,
मराठवाड्यातील सर्व प्राथमिक आणि माध्यमिक शाळा

सप्रेम नमस्कार.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरल्या की सहलीची वर्गणी गोळा व्हायला लागते. आगाराकडे प्रासंगिक कराराचा अर्ज जातो, निम्म्या भाड्याच्या सवलतीसाठी कागदपत्रं जोडली जातात, पालकांची संमतीपत्रं येतात, आणि स्टाफरूममध्ये एक कागद तयार होतो. हे पत्र त्या कागदाबद्दल आहे. त्यावर साधारण असं लिहिलेलं असतं : पहाटे चारला प्रस्थान, वेरूळ, घृष्णेश्वर, दौलताबाद किल्ला, बीबी का मकबरा, पाणचक्की, सिद्धार्थ उद्यान व प्राणिसंग्रहालय, रात्री परत. शेवटच्या नावापुढे बहुधा पाऊण तास असतो. किल्ल्यावर कुणाची चप्पल तुटली, मकबऱ्यापुढचा गटफोटो लांबला, की त्यातलाही निम्मा जातो.

माझी सगळी नोकरी बीड जिल्ह्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत झाली. निवृत्तीनंतर संभाजीनगरला लेकाकडे राहते. मध्यवर्ती बसस्थानक आणि सिद्धार्थ उद्यान घरापासून चालत जाण्याइतकं जवळ आहे, त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत तुमच्या बसगाड्या रोज नजरेला पडतात. कोणत्या शाळेला उद्देशून हे लिहीत नाही. सगळ्यांचं चित्र इतकं सारखं असतं की नाव घेऊन उपयोगही नाही.

दुपारचे साडेतीन-चार वाजलेले असतात. पहाटे चारला निघालेली लेकरं तोवर पेंगुळलेली. पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवून रांग आत येते. सरांच्या तोंडात शिट्टी. "चला चला, थांबू नका, वाघ पुढं आहे." वाटेत काळवीट, सांबर, नीलगाय उभ्या असतात, त्यांच्याकडे मान वळवायला सवड नसते. वाघापाशी पोहोचावं तर वाघ झोपलेला. मग त्याला उठवायला आरडाओरडा, टाळ्या, आणि एखादा खडासुद्धा. बाई डोकी मोजतात, सर घड्याळ बघतात, आणि पाच मिनिटांत रांग घसरगुंडीकडे वळते. सोमवारी निबंधात येतं : आम्ही वाघ पाहिला, वाघ झोपला होता, आम्हाला खूप मजा आली.

यात लेकरांचा दोष काहीच नाही. वाघ दिवसाचा बराचसा वेळ पडूनच असतो. त्याचं फिरणं, शिकार करणं तिन्हीसांजेला, रात्री आणि पहाटेच्या सुमाराला. दुपारी चारला त्याच्याकडून खेळाची अपेक्षा ठेवणं म्हणजे रात्रपाळी करून आलेल्या माणसाला भरदुपारी उठवून नाच म्हणण्यासारखं आहे. म्हणून पहिली मागणी अगदी साधी : प्राणिसंग्रहालय दिवसाच्या शेवटी ठेवू नका, सुरुवातीला ठेवा. दार उघडतं तेव्हा आत असा. थंडीत सकाळचं ऊन अंगावर घ्यायला प्राणी बाहेर येऊन बसतात, गर्दी नसते, आणि लेकरंही ताजी असतात. आणखी एक गोष्ट निघण्याआधी फोन करून विचारून घ्या. प्राणिसंग्रहालयांच्या मान्यतेचे जे केंद्रीय नियम आहेत, त्यांनुसार प्रत्येक संग्रहालय आठवड्यातून किमान एक दिवस लोकांसाठी बंद ठेवावं लागतं. प्राण्यांना तेवढीच उसंत. तो वार प्रत्येक ठिकाणी वेगळा असतो. बंद दिवशी आलेली बस मी बघितली आहे. शंभरेक किलोमीटरवरून आलेली लेकरं फाटकाच्या गजांना धरून आत डोकावत होती, आणि सर पहारेकऱ्याशी हुज्जत घालत होते.

आता मुख्य मुद्द्याकडे येते.

आपली लेकरं ज्या गावांतून येतात तिथं काळवीट ही नवलाची गोष्ट नाही. पाटोदा, आष्टी, गेवराई, परांडा, भूम, कुठंही जा. हरभरा, ज्वारी हातभर वर आली की सकाळी कळप रानात उतरलेला असतो. बाप डबा वाजवत पळतो, आजी बांधावरून शिव्या घालते, जुन्या साड्या बांधून कुंपण केलं जातं, रात्री जागल होते. रोह्यांचं, म्हणजे नीलगाईंचं, आणि रानडुकरांचं तर विचारूच नका. म्हणजे काळवीट आणि रोही यांची लेकराशी पहिली ओळख होते ती घास हिरावणारे म्हणून, तीही दोन-तीनशे पावलांवरून, पळतानाच्या पाठीची. मला त्या बापाला दोष द्यायचा नाही. पंचनाम्याची वाट बघणं काय असतं ते माझ्या माहेरच्या शेतानं बघितलं आहे. पण त्याच लेकराला तोच प्राणी चार पावलांवर, शांत उभा असलेला, डोळ्यात डोळा घालून बघायला मिळेल अशी जागा प्राणिसंग्रहालयावाचून दुसरी नाही. आणि नेमकं तिथूनच आपण त्याला पुढं ढकलतो, कारण वाघ पुढं आहे.

काळविटापुढं लेकरांना वीस मिनिटं उभं करून बघा. नर कोणता, मादी कोणती हे आधी त्यांनाच ओळखू द्या. मोठा नर काळा, पोट आणि डोळ्यांभोवतीचं कडं पांढरं. माद्या आणि पिल्लं बदामी रंगाची. पीळ पडलेली लांब शिंगं नराला. मग शेजारच्या चितळाकडे न्या. दोघांनाही आपण सरसकट हरिण म्हणतो, पण चितळाची आणि सांबराची शिंगं भरीव असतात, त्यांना फांद्या फुटतात, ती गळून पडतात आणि पुन्हा नवी येतात. नवी येताना त्यांच्यावर मखमलीसारखं कातडं असतं; प्राणी ते झाडाला घासून काढतो. काळविटाची शिंगं आतल्या हाडावर चढलेल्या खोळीसारखी, बैलासारखी, जन्मभराची. ती गळत नाहीत. हे पाठ्यपुस्तकातल्या चित्रावरून समजवायला मला तास-तास लागायचा. इथं लेकरू दोन कुंपणांमधून चार वेळा ये-जा करतं आणि स्वतःच सांगतं. नीलगाय, म्हणजे आपला रोही, गायही नाही आणि घोडाही नाही. काळविटाच्याच कुळातला, पण खांद्याला उंच आणि मागं उतरता. त्या एवढ्या मोठ्या धुडाला शिंगं मात्र वीतभर, आणि तीही नरालाच. हे बघून पोरांना हसू येतं. हसू द्या.

त्यानंतर विचारा की हा आपल्या रानात का येतो. पाचवी-सहावीचं लेकरू उत्तर देऊ शकतं. काळवीट दाट जंगलातला नाही, मोकळ्या माळावर गवत खाणारा आहे. माळ नांगरले गेले, गायरानं आक्रसली, आणि तिथं आता पीक आहे. त्याला ते पीक आणि गवत यांतला फरक कळायचं काही कारण नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत काळवीट आहे, म्हणजे जितकं संरक्षण वाघाला तितकंच त्याला, हेही सांगा. गावाकडं जाऊन लेकरानं बापाशी भांडावं असा यात हेतू नाही. डबा वाजवू दे की. पण शिंगाचा पीळ बघितलेलं लेकरू कळपाकडं वेगळ्या नजरेनं बघेल, एवढी आशा मी धरते.

तेच लांडग्याचं, कोल्ह्याचं, खोकडाचं, तरसाचं. यातले जे प्राणी त्या संग्रहालयात असतील तिथं थांबा. दख्खनच्या माळावरचा लांडगा धनगर समाजातल्या मुलांना तुमच्या-माझ्यापेक्षा चांगला ठाऊक असतो. वर्गात गप्प बसणारं ते पोरगं इथं बोलायला लागतं, त्याला बोलू द्या, माहितीफलक नंतर वाचा. कोल्हा आणि खोकड यांत शिकलेली माणसंही घोळ करतात. खोकड लहानखुरं, झुबकेदार शेपटी आणि शेपटीचं टोक काळं. तरस हसतं म्हणून घाबरवणारे बरेच गुरुजी मला भेटले. ते हसल्यासारखं ओरडणारं तरस आफ्रिकेतलं, ठिपक्यांचं. आपलं पट्टेरी तरस एरवी गप्पच असतं आणि मेलेलं जनावर खाऊन रान साफ करतं.

वाघ दाखवूच नका असं मी म्हणत नाही. दाखवा, पण घरून तयारी करून आणा. हिंगोली, नांदेडच्या गुरुजींना तर माझी खास विनंती आहे. २०१९ साली यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातला, माग काढण्यासाठी गळ्यात पट्टा बांधलेला एक तरुण वाघ तेलंगणातल्या आदिलाबादमार्गे नांदेड, हिंगोलीच्या शेताशिवारातून चालत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. पाचेक महिन्यांत सुमारे तेराशे किलोमीटर. तुमच्या शाळेच्या नकाशावर ही वाट रंगीत खडूनं काढता येते. एखाद्या शाळेजवळूनही ती गेली असेल. २०२१ मध्ये आपल्याच गौताळा अभयारण्यात लावलेल्या कॅमेऱ्यातही वाघ टिपला गेला. हे सांगून आणलेलं लेकरू झोपलेल्या वाघापुढंही कंटाळत नाही. ते त्याचे पंजे बघतं, आणि या पंजांनी एवढं अंतर कसं कापलं असेल याचा अंदाज घेतं. सिद्धार्थमध्ये जन्मलेली शक्ती आणि करिश्मा ही जोडी फेब्रुवारी २०२० मध्ये मुंबईला भायखळ्याच्या राणीच्या बागेत गेली, हेही पोरांना फार आवडतं. आपल्याकडचे वाघ मुंबईला गेले म्हणजे काय!

पांढऱ्या वाघाबद्दल मात्र जपून बोला. "हा बर्फातला वाघ" असं एका सरांनी मुलांना ठणकावून सांगितलेलं मी कानांनी ऐकलं आहे. पांढरा वाघ ही वेगळी जात नाही. आपल्याच पट्टेरी वाघात क्वचित दिसणारा तो रंगाचा दोष. १९५१ साली रीवाच्या महाराजांनी जंगलातून एक पांढरं पिल्लू पकडलं, त्याचं नाव मोहन ठेवलं, आणि पांढरी पिल्लं व्हावीत म्हणून त्याचा संबंध त्याच्याच लेकीशी लावला. आज संग्रहालयांत दिसणारे बहुतेक पांढरे वाघ त्याच्या वंशातले. जवळच्या नात्यातल्या अशा पैदाशीमुळे त्यांच्यात नाना व्यंगं दिसतात. आठवी-नववीच्या वर्गाला आनुवंशिकतेचा धडा इथं उभ्याउभ्या शिकवता येईल. पण त्यासाठी आदल्या दिवशी आपण तो वाचलेला हवा.

आणि पिंजऱ्यातला प्राणी एकाच रेषेत इकडून तिकडे, तिकडून इकडे सारखा फिरत असेल, तर "बघा, परेड करतोय" म्हणून टाळ्या पिटू नका. कोंडलेपणातून, करायला काही नसल्यातून लागलेली ती सवय असते. मोठ्या वर्गांना हे सांगावं. हे प्राणी इथं का आहेत, असा प्रश्न येतो तेव्हाही खरं उत्तर द्या : यातले पुष्कळ इथंच किंवा दुसऱ्या संग्रहालयात जन्मलेले आहेत, रानात सोडले तर स्वतःची शिकार त्यांना जमणार नाही. त्यांना कसं ठेवायचं यावर देखरेख करायला १९९२ पासून केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण आहे. सिद्धार्थची जागा अपुरी आहे हे कुणापासून लपलेलं नाही. म्हणून तर शहरालगतच्या मिटमिट्याच्या मोठ्या जागेवर प्राणिसंग्रहालय आणि सफारी पार्कची योजना आली, आणि तिच्याविषयी आपण सगळे किती वर्षं ऐकतो आहोत.

सफारीवरून आठवलं. हल्ली पालकच विचारतात, सफारी आहे का. नागपूरच्या गोरेवाड्यात २६ जानेवारी २०२१ ला भारतीय सफारी सुरू झाली, मुंबईला बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात जुनी सफारी आहे. मोह होणं साहजिक आहे. पण सफारीत आपण गजांच्या गाडीत आणि प्राणी मोकळ्या आवारात असतो, एवढीच अदलाबदल. आवाराला कुंपण असतंच. गाडी थोडा वेळ फिरते, डावीकडच्यांना अस्वल दिसतं, उजवीकडच्यांना त्यांच्या पाठी दिसतात. प्राण्याला वाटलं तर तो झाडीत बसून राहतो, आणि तसं बसता येणं हाच सफारीचा त्याच्यासाठी फायदा. दिसलं नाही म्हणून पैसे वाया गेले असं म्हणणारे शिक्षक सोबत असतील तर मुलंही तेच म्हणणार. शिवाय मराठवाड्यातून नागपूर किंवा मुंबई एका दिवसात होत नाही. आष्टी-पाटोद्याकडच्या शाळांना पुण्याचं कात्रज जमू शकतं. ते आवार मोठं आहे, सर्पोद्यानही आहे, पण मग तेवढंच करा. शनिवारवाडा आणि कात्रज एकाच दिवशी कोंबलं की पुन्हा पाऊण तासावर येणार.

वागणुकीबद्दल थोडंसं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ३८-ज हे कलम खास प्राणिसंग्रहालयांसाठी आहे. प्राण्याला चिडवणं, इजा करणं, खायला घालणं, गोंगाट करून त्रास देणं, आवारात कचरा टाकणं हा गुन्हा आहे आणि त्याला शिक्षा आहे. "सूचना : प्राण्यांना खाऊ देऊ नये" असं सहलीच्या पत्रकात छापून भागत नाही. कुरकुऱ्यांची पाकिटं हातात असली की एखादं आत जातंच, आणि प्लास्टिक खाऊन हरणं मरतात. खाऊचे डबे आधी बाहेर बागेत खाऊन घ्या, दप्तरं बसमध्ये ठेवा, पाण्याची बाटली तेवढी गळ्यात. बाहेरून येणाऱ्या अन्नातून रोगही येऊ शकतो. डिसेंबर २०२४ मध्ये गोरेवाड्यातले तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूनं मेले. एवढा बंदोबस्त असलेल्या ठिकाणी ही गत, तर कुंपणावरून काय फेकलं जातं याची चिंता करणाऱ्या रखवालदारावर खेकसू नका. आणि सर, ती शिट्टी. तीसुद्धा बसमध्येच ठेवा.

"पन्नास पोरं घेऊन वीस-वीस मिनिटं कसं थांबायचं?" हा प्रश्न येणार हे मला ठाऊक आहे. सगळ्यांनी सगळं बघायचंच नाही. दहा-दहांचे गट करा, प्रत्येक गटाला एक प्राणी वाटून द्या, एक शिक्षक सोबत. कागद-पेन्सिल. काय खातो, कान कोणत्या आवाजाला वळतो, दुसरा जवळ आला की काय करतो, किती वेळ बसतो, एवढंच टिपायचं. नंतर बागेत बसून एका गटानं दुसऱ्याला सांगायचं. गेल्या थंडीत मुलींच्या एका शाळेच्या बाईंनी हे केलं. सांबरापुढं बसलेल्या पोरींपैकी एकीनं त्याच्या गळ्यातून घास वर येताना बघितला, आणि "बाई, हे आमच्या गायीवानी रवंथ करतंय" म्हणून ओरडली. बाकीच्या नऊजणी मग फक्त गळाच बघत बसल्या. वाघाकडं जायचं त्या विसरल्या नव्हत्या, पण घाईत नव्हत्या.

पहिली ते चौथीच्या मुलांना नांदेड-लातूरहून पाच-सहा तास बसमध्ये डांबून आणूच नका. निम्मी ओकून ओकून अर्धमेली होतात. त्यांच्यासाठी जवळचं बघा. पाटोदा तालुक्यात नायगावचं मयूर अभयारण्य आहे, धाराशिवजवळ येडशीचं रामलिंग घाट अभयारण्य आहे, थंडीत जायकवाडीच्या काठावर पाहुणे पक्षी उतरतात आणि नशीब असेल तर रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, दिसतात. तिथं पिंजरा नाही आणि काही दिसेलच अशी हमीही नाही. पण मोराची पिसं, पाणवठ्यावरचे ठसे, लेंड्या हे लहान मुलांना वाघाइतकंच पुरतं. खर्चही कमी होतो, आणि वर्गणी भरता न आल्यामुळे घरी राहणारी दोन-चार लेकरं असतात ना प्रत्येक वर्गात, त्यांना सोबत नेता येतं.

तेव्हा यंदाचा कागद करताना एवढं करा. सकाळी दार उघडायच्या वेळी प्राणिसंग्रहालय, तिथं दुपारच्या जेवणापर्यंत मुक्काम, नंतर पाणचक्की किंवा मकबरा यांपैकी एक, आणि उजेडात परतीचा प्रवास. दौलताबाद पुढच्या वर्षी ठेवा. यादवांपासून तिथंच आहे तो. सिद्धार्थला येणार असाल तर सकाळी फाटकापाशी सुती साडीतली, पायात बूट घातलेली एक म्हातारी फिरताना दिसेल. हाक मारा. एका गटाला शिक्षक कमी पडत असेल तर मी थांबेन.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
छत्रपती संभाजीनगर